अंगठ्याच्या मापाचा चाकू

आमचा चाकू बदलायचा की नाही, यावरून आमच्या घरात तीन वर्षं भांडण चाललं. रोज उठून भांडी आपटत होतो असं नाही. पण जेवताना, चहाला, कानस चालवताना, कुठूनही बोलणं त्याच्यावर यायचं आणि बाप-लेकांपैकी एक जण ताटावरून उठायचा. मी आपली मधे. भाकरी वाढायची आणि गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याचंच मला सांगायचं आहे, पण चाकू कळल्याशिवाय ते कळायचं नाही, म्हणून आधी चाकू सांगते.

मिटला की तळहातात मावतो एवढा तो चाकू. मूठ शिसवीची, तिच्यावर तीन पितळी टिकल्या. मुठीच्या पोटात पातं. पाठीवर पोलादाची एक बोटभर पट्टी, तिला आम्ही कमान म्हणतो. चाकवाचं सगळं शहाणपण त्या कमानीत. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. मिटलेला असेल तर मिटलेला धरते, उघडला असेल तर उघडा धरते. बाकी त्यात कळ नाही, खटका नाही, काही नाही. पात्यावर नखाएवढी खाच आहे, तिच्यात अंगठ्याचं नख घालायचं आणि ओढायचं. टक्कन आवाज आला की उघडला.

हा चाकू मालक आमच्या लग्नाआधीपासून करत आले. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत असंच म्हणायची पद्धत. मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत भट्टी, ऐरण आणि लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस होता, आणि मागच्या खोलीत चूल. नवरीला पहिल्या आठवड्यातच काम मिळालं. मुठी तेल लावून घासायच्या, झालेले चाकू रद्दीच्या कागदात गुंडाळायचे, आणि दिवस मावळायच्या आत पुढची खोली झाडून काढायची. शाळा मी पाहिलेली नाही. अक्षरं त्या रद्दीवर शिकले. एका चाकवाला एक कागद, आणि गुंडाळायच्या आधी त्यातल्या दोन ओळी. मालक ओरडायचे, "आगं, गुंडाळतीस का परीक्षेला बसलीयास?"

चाकू न्यायला सगळ्या तऱ्हेची माणसं यायची. उसाचे शेतकरी, माळी, ट्रकवाले, हुपरीचे चांदीवाले, घाटावरचे धनगर. कुणी दोरी कापायला, कुणी सुपारीला, कुणी कलम बांधायला. एकदा चाकू नेलेला माणूस सहसा परत यायचा नाही, कारण चाकू बिघडायचाच नाही. हरवला तर यायचा, नाहीतर पोराला दुसरा घ्यायला यायचा.

आता मालकांची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. मूठ बसली, पातं बसलं, की शेवटचं काम कमानीचं. कमान आधी मुद्दाम जाड ठेवायची. मग कानशीनं थोडी घासायची, चाकू जुळवायचा, नख घालून उघडून बघायचा. फार घट्ट लागला की कमान परत काढायची, परत घासायची. असं तीनदा, चारदा. अंगठ्याला बरोबर लागला की शेवटची खिट्टी ठोकायची, मग तो चाकू झाला. त्याला मोजपट्टी नाही, वजन नाही. कुणी विचारलं, "आबा, माप काय धरता?" तर अंगठा वर करून दाखवायचे. "माप हितं हाय. म्या उघडला, म्हंजी गावानं उघडला."

आणि ते खरंच होतं. कितीतरी वर्षं खरं होतं.

मुलगा शिकला, बाहेर एका कारखान्यात मशीनवर काम केलं, आणि मग घरच्या धंद्यात आला. आला त्याच महिन्यात त्यानं विषय काढला.

"आबा, चाकवाला खटका लावूया."

"कशापाय?"

"उघडला की अडकंल. बोटावर मिटणार न्हाय. समद्या जगात आता तसाच असतोय."

"खटक्याचा चाकू कोन वापरतंय म्हाईत हाय तुला? मारामारीवालं. चौकात हुबं ऱ्हायचं आनि खटकन् उघडायचा. माझा चाकू खिशात दिसला तर पोलीस म्हंतोय, आबा, जरा पेरू काप की."

"पोलिसाच्या पेरवासाठी किती वर्सं त्योच चाकू करायचा?"

मला हसू आलं होतं, खरं सांगते. मालकांनाही आलं असावं, पण त्यांनी मिशीत ठेवलं. मग मुलगा म्हणाला, एका हातानं उघडता आला पाहिजे.

"का? दुसऱ्या हाताला मेंदी लावलीया व्हय?"

"दुसऱ्या हातात बैलाचा कासरा असतोय, आबा."

त्यावर मालक उठून हात धुवायला गेले. त्यांचं म्हणणं एकच, आणि ते मरेस्तोवर बदलणार नाही असं वाटायचं: जो चाकू इतकी वर्षं एकाही माणसानं परत आणून दिला नाही, त्याला हात कशाला लावायचा? मुलाचं म्हणणं, माणसं बदलली, कामं बदलली, चाकू का नको बदलायला? दोघंही खोटं बोलत नव्हते. पण दोघंही धरून चालले होते की चाकू अजून तोच आहे. तो तोच राहिला नव्हता, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं.

मला ते केरसुणीनं सांगितलं. रोज पुढची खोली मीच झाडायचे. व्हाइसखाली कानशीचा कीस पडतो, काळपट, बारीक, पायाला टोचणारा. दिवसाला चार-पाच चाकू व्हायचे आणि त्यांचा कीस दोन चिमटी. इतकी वर्षं दोन चिमटी. मग एका दिवाळीनंतर माझ्या ध्यानात आलं की सुपलीत मूठभर कीस येतोय. चाकू तेवढेच, कमानी तेवढ्याच, भंगारवाल्याकडचं पोलाद तेच. मालक स्वतःच कुरकुरायचे, "हल्ली पोलाद लई कडक यायला लागलंय. किती घासावं तरी." मीही व्हय म्हणायचे.

पण रोज संध्याकाळी त्यांच्या अंगठ्याला तेलही मीच चोळत होते. अंगठ्याच्या बुडाला सूज होती. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा. औषधाच्या बाटलीचं टोपण माझ्याकडं सरकवायचे आणि दुसरीकडं बघायचे, जशी काय बाटली आपोआप माझ्याकडं आली. कीस एका हातानं गोळा करणारी आणि अंगठा दुसऱ्या हातानं चोळणारी बाई मीच. दोन्हीची गाठ घालायला मला कितीसा वेळ लागणार?

तरी खात्री करावी म्हणून एक दिवस गुंडाळायला घेतलेला चाकू मी करंगळीच्या नखानं उघडून बघितला. उघडला. करंगळीच्या नखानं, सुपारीच्या डबीचं झाकण उघडावं तसा.

मालकांचा अंगठा जसजसा थकत गेला, तसतशी ते कमान जास्त घासत गेले. त्यांच्या अंगठ्याला प्रत्येक चाकू बरोबरच लागत होता. अंगठा खाली उतरला आणि चाकूही त्याच्याबरोबर उतरला, आणि बाप-लेकांना दोघांनाही ते कळलं नाही. जी कमान पातं धरून ठेवते, ती नुसती पात्याला टेकून बसलेली.

मी बोलले नाही. आज कारण विचारलं तर सांगते. त्या दिवशी मी बोलले असते तर भांडण त्या दिवशीच मिटलं असतं. मुलगा जिंकला असता, आणि तोही बापाच्या दुखऱ्या अंगठ्यावर पाय ठेवून. मला मालक हरायला नको होते. एवढंच. अगदीच सैल वाटलेले दोन-तीन चाकू मी कपाटाच्या मागच्या फळीवर सारून ठेवले, कुणाला दिसू नयेत असे. मनाला म्हणाले, बघू पुढं. बाकीचे रद्दीत गुंडाळत राहिले. रद्दीवरच्या ओळी त्या दिवसांत मी वाचत नव्हते.

मागच्या श्रावणात एक पावणं आलं. गगनबावड्याकडचा शेतकरी, चाळिशीचा असेल. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जाड पट्टी, हात छातीशी धरलेला. दारात पायातलं काढून आत आला, पाणी प्याला, आणि सदऱ्याच्या खिशातून दोन चाकू काढून सतरंजीवर ठेवले. आमच्यात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, वैर होतं म्हणतात. खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. ते त्यालाही ठाऊक होतं.

"भांडायला आलो न्हाय, आबा," तो म्हणाला. "इचारायला आलोय. ह्यो एक माझ्या वडलांनी तुमच्याकडनंच नेलता. ह्यो दुसरा म्या गेल्या वर्साला नेला. गोठ्यावरच्या ताडपत्रीची दोरी भिजून गाठ बसलती. गाठीत चाकवाचं टोक घालून दाबलं, तर पातं उलटं फिरलं आनि बोटावर मिटलं. आतली शीर तुटली म्हनलं डाक्टर. वडलांच्या चाकवानं म्या असल्या शंभर गाठी सोडीवल्यात. ह्योच का मिटला?"

मालकांनी आधी बोटाकडं बघितलं, मग चाकवांकडं. वडिलांचा चाकू उचलला. मूठ घामानं काळी झालेली, टिकल्या झिजलेल्या. त्यांनी तो जरा वजन करावं तसा हातात धरला, खाचेत नख घातलं आणि ओढलं.

चाकू उघडला नाही.

परत ओढलं. नखाचा पांढरा भाग वाकला. तिसऱ्यांदा त्यांनी चाकू पोटाशी धरून ओढला, मानेच्या शिरा वर आल्या. पावण्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो म्हणाला, "वंगान न्हाय घातलं म्या, आबा. कडक झाला असंल."

"व्हय, व्हय," मालक म्हणाले.

मुलगा ऐरणीपाशी उभा होता. त्याचा हात पुढं आला आणि थांबला. हातातला चाकू कसा मागणार? त्यांनी खाली ठेवला तरच उचलता येणार. मालकांनी तो खाली ठेवला नाही. किती वेळ त्यांनी तो धरून ठेवला, मला सांगता येणार नाही. बाहेर पेठेत भाजीवाली मेथी ओरडत गेली, तिचा आवाज लांब जाऊन बंद झाला, तरी चाकू त्यांच्या हातातच. मग ते वाकले आणि सतरंजीवर ठेवला, हळू, काचेची वस्तू ठेवावी तसा.

मुलानं तो उचलला नाही. पाठ फिरवून भट्टीतला कोळसा हलवत बसला. शेवटी पावण्यानंच डाव्या हातानं उचलला, गुडघ्यात दाबून डाव्या अंगठ्यानं उघडला. टक्क. तसला आवाज आमच्या पुढच्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, हे मला तो झाल्यावर कळलं.

मालकांनी मग नवा चाकू घेतला. उघडला, मिटला. उघडला, मिटला. त्याला आवाज असा नव्हताच. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाय," मी म्हणाले.

पावण्याला मी जेवू घातलं. मालक त्याच्या शेजारी ताट घेऊन बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

त्या दिवसानंतर ते व्हाइसवर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि बाहेर पडले. ज्या ज्या दुकानात चाकू ठेवले होते तिथं स्वतः गेले, एसटीनं, वयाचं भान न ठेवता. हुपरी झाली, घाटाखालची बाजाराची गावं झाली. दुकानदारांना म्हणायचे, "खराब माल हाय, परत द्या." कुणी म्हणालं, "आबा, तुमचा माल आनि खराब? थट्टा करताय व्हय?" तर म्हणायचे, "खराब हाय म्हनलं न्हवं?" अर्धी पिशवी भरली. उरलेले चाकू दुकानात नव्हते. ते लोकांच्या खिशात होते.

कपाट आवरताना मागच्या फळीवरचे ते दोन-तीन चाकूही त्यांना सापडले असतील. त्यांनी मला काही विचारलं नाही. फळी मात्र रिकामी झाली होती.

मुलाला ते एवढंच म्हणाले, "लाव तुझा खटका."

"न्हाय लावत," मुलगा म्हणाला.

"आता का? तीन वर्सं डोस्कं खाल्लंस की."

"असा न्हवता लावायचा मला, आबा." आणि मोठा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, भट्टीकडं तोंड करून रडला. धूर गेला म्हणाला डोळ्यात. भट्टी पेटलेलीच नव्हती.

लावला पण. काम थांबून कसं चालेल? त्यानं पावण्याकडून वडिलांचा चाकू आठ दिवस मागून घेतला. तो व्हाइसमध्ये धरला, पात्याला तार बांधली, तारेला तराजूची वजनं एक-एक अडकवत गेला. कोणत्या वजनाला पातं हलतं ते बघितलं. आता प्रत्येक नवा चाकू त्या वजनावर तपासतो. म्हणजे तरण्या वयातल्या मालकांचा अंगठा त्यानं वजनात धरून ठेवला आहे. वर खटका आहे, पातं अडकतं, एका हातानं उघडायला बारीक गुंडीही आहे. पावण्याला पहिला चाकू तोच दिला. त्यानं डाव्या हातानं उघडून बघितला आणि म्हणाला, "ह्यो बरा हाय." त्याचं उजवं बोट अजून पुरतं वाकत नाही. धार काढताना बोट बाहेर राहतं म्हणाला. म्हशीची धार.

नवा चाकू मुलानं मालकांपुढं सतरंजीवर ठेवला. त्यांनी उचलला, गुंडीनं उघडलासुद्धा. पण मिटायचं म्हणजे खटका अंगठ्यानं बाजूला सारावा लागतो. तो त्यांना सारेना. उघडा चाकू त्यांनी तसाच खाली ठेवला. "चांगला झालाय," म्हणाले. मुलानं उचलून मिटवला.

चाकू बदलायला हवा होता का, असं आता शेजारपाजारचे विचारतात. मी होय म्हणते. फार आधी बदलायला हवा होता. पण मला त्या प्रश्नाचं काही वाटत नाही. मला त्या "न्हाय"चं वाटतं. तेव्हापासून आमचं बोलणं चालू आहे, भांडणही होतं, चहा गोड झाला, दूध उतू गेलं. पण ते "न्हाय" आमच्या दोघांत सतरंजीवर ठेवल्यासारखं पडून होतं. कुणी उचलत नव्हतं.

परवा दुपारी मी हे लिहीत बसले होते. मालक उंबऱ्याशी बसून मटार सोलत होते. आता असलंच काम करतात, अंगठा कमी लागतो असं.

"काय लिवतीस?"

"चाकवाचं."

"झालं की ते. आता काय लिवायचं त्यात?"

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्या दिशी तुमी इचारलं, मला ठावं हुतं का. मी न्हाय म्हनलं. मला ठावं हुतं."

त्यांनी हातातली शेंग सोलली. दुसरी घेतली, तीही सोलली.

"कवापासनं?"

"दोन दिवाळ्या हुन गेल्यात्या."

"आनि बोलली न्हाईस."

"बोलले असते तर ऐकलं असतं तुमी?"

त्यांनी विचार केला. बोलायचं म्हणून नाही, खरंच केला. "नसतं ऐकलं," म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तुला."

"मग?"

"मग काय? शिव्या खायच्या हुत्यास. त्येचं बोट ऱ्हायलं असतं."

मटाराची पाटी त्यांनी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले. मला वाटलं, आता काही दिवस आमचं बोलणं बंद. पण पाणी पिऊन परत आले आणि उंबऱ्यावर तसेच बसले.

"लिवतीयास तर हे बी लिव," म्हणाले. "मुठीवर तीन टिकल्या असतील आनि खटका नसंल, तर घरातल्या समद्यात बारक्या पोरीला म्हनावं, उघडून बघ. तिला उघडला, तर त्यो माझा वाईट चाकू. त्येचं टोक कशात घालून दाबू नगा. आनून द्या. आमी घरातच असतोय."